खांबेट्यांचा रशियन परवचा

गोपीनाथ खांबेट्यांना रशियन येतं ही बातमी प्रथम फोडली ती त्यांच्या नातीनं, आणि तीही भर वर्गात, हात वर करून.

शहरातला एक मुलगा अंतराळात जाऊन आल्यापासून लखनौत आकाशाचा भाव वधारला होता. निशातगंजच्या बाजारात पूर्वी कार्टूनची दप्तरं मिळत, आता रॉकेटची मिळू लागली. कोचिंग क्लासच्या फलकांवर जी हसरी मुलं असतात, त्यांच्या डोक्यांवर हेल्मेटं आली. अबोलीच्या शाळेनं यावर कडी केली. त्यांनी आपल्या विज्ञान मेळाव्यासाठी चक्क एक रशियन बाई मिळवल्या. बाईंची सगळी हयात उपग्रहांच्या कक्षा मोजण्यात गेली होती. त्या व्यासपीठावर येणार, टांगलेल्या सूर्यमालेतल्या एकेका गोलाकडे बोट दाखवणार आणि शाळेची एखादी विद्यार्थिनी त्या गोलाचं नाव बाईंच्याच भाषेत सांगणार, असं मुख्याध्यापिकांच्या मनात आलं. रशियन कोणाला येतं, असं विचारल्यावर वर्ग गप्प बसला. अबोली तेवढी म्हणाली, "मेरे आजोबा को आता है."

हे विधान अगदीच खोटं नव्हतं. खांबेटे तरुणपणी लखनौच्या औषध संशोधनाच्या नोकरीत दाखल झाले, तेव्हा रसायनशास्त्रातलं बरंच काही रशियन नियतकालिकांत छापून यायचं आणि ते वाचता यावं म्हणून साहेबलोक तरुण शास्त्रज्ञांना संध्याकाळच्या वर्गाला बसवायचे. खांबेटे बसले आणि पासही झाले. त्या वर्गातलं त्यांच्याकडे आता जे शिल्लक होतं ते असं: सगळी अक्षरं, "द्रावण" आणि "उत्कलनबिंदू" हे शब्द, आणि एक अख्खं वाक्य. "प्री नग्रिवानिइ विपादायेत असादक." म्हणजे तापवल्यावर तळाशी साका बसतो. प्रत्येक शोधनिबंधात हे वाक्य कुठं ना कुठं असायचंच, त्यामुळे ते पक्कं झालं होतं. त्या भांडवलावर मॉस्कोत चहासुद्धा मागता आला नसता. आकाशातल्या कुठल्याही वस्तूशी त्या भाषेत त्यांचा कधी संबंध आलेला नव्हता.

तरी ते नाही म्हणाले नाहीत, आणि त्याचं कारण रशिया नव्हतं.

अबोली लहान असताना रोज संध्याकाळी आजोबांच्या शेजारची वेताची खुर्ची तिची असे. मग ती मोठी झाली, म्हणजे तेरा वर्षांची झाली, आणि आजोबांशी तिचे संबंध वायफायच्या पासवर्डापुरते उरले. तिला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर हिंदीतून यायचं. खांबेटे विचारायचे, "जेवलीस का?" ती म्हणायची, "हाँ, खा लिया." एवढ्यावर संभाषण संपायचं. खुर्चीवर पुढं वर्तमानपत्रांची रद्दी साठली. त्या दिवशी अबोलीनं शाळेतून आल्यावर ती रद्दी उचलून जमिनीवर ठेवली, खुर्चीत बसली आणि म्हणाली, "आजोबा, सिखा देंगे ना?" त्या क्षणी तिनं मेंदूची शस्त्रक्रिया शिकवा म्हटलं असतं, तरी खांबेट्यांनी चष्मा पुसून सुरुवात केली असती.

शब्द मिळवणं अवघड गेलं नाही. मुलगा आशिष ऑफिसातून आल्यावर त्यानं फोनवर ते बोलून दाखवणारी बाई शोधून दिली. खांबेट्यांनी बाईचं ऐकून शब्द देवनागरीत उतरवले आणि त्यांना एक साक्षात्कार झाला. रशियन सूर्याच्या नावात जो उच्चार आहे तो मराठी "चमच्या"तल्या च चा आहे, आणि ताऱ्याच्या नावात "जवळ"मधला ज आहे. हिंदीवाल्याची जीभ तिथं अडखळणार, मराठी माणसाची नाही. ही भाषा मुळात आपल्यासाठीच केली असावी, असं ते जेवताना म्हणाले. पत्नी सरला म्हणाल्या, "मग इतकी वर्षं काय झालं होतं शिकायला?" खांबेट्यांनी पाण्याचा ग्लास मागितला.

आता प्रश्न पद्धतीचा. आशिष म्हणाला, चित्रांची कार्डं करा. सून कौमुदी म्हणाली, ॲप असतं, त्यात घुबड येतं. खांबेट्यांनी दोघांकडं करुणेनं पाहिलं. साताऱ्यात त्यांच्या वडिलांनी त्यांच्याकडून दिवेलागणीला परवचा म्हणवून घेतला होता. पाढे, पावकी, निमकी, वार, महिने, नक्षत्रं, सगळं एका लयीत, मांडी घालून, पुढं-मागं झुलत. त्यातलं सगळं अजून डोक्यात जागच्या जागी होतं. पाठांतराला जगात दुसरा उपाय निघालेला नाही, अशी त्यांची खात्री होती. तेव्हा रशियन आकाशसुद्धा त्यांनी त्याच लयीत बसवलं:

सोन्चे, मेर्कूरी, विनेरा, झिम्ल्या,
लुना, मार्स, युपीतेर, सतूर्न,
उरान, नेप्तून, अर्बीता, कमेता,
ज्विज्दा.

सूर्यापासून नेप्तूनपर्यंत ओळीनं, पृथ्वीला तिचा चंद्र जोडून, मग कक्षा, धूमकेतू आणि शेवटी तारा. अबोलीला ते आवडलं. ती म्हणाली, "रॅप जैसा है." खांबेट्यांना रॅप म्हणजे काय ते नक्की माहीत नव्हतं, पण सूर कौतुकाचा होता. दुसऱ्या संध्याकाळी दोघं मांडी घालून, झुलत, पुन्हा पुन्हा तेच म्हणत बसली. खुर्ची रिकामी होती, पण आता तिची गरज नव्हती.

इथपर्यंत सगळं सुरळीत होतं. पुढचा सगळा घोटाळा घराच्या नकाशानं केला.

खांबेट्यांच्या फ्लॅटमध्ये देव्हारा आहे तो दिवाणखान्याच्या कोपऱ्यात, आणि जमिनीवर ऐसपैस बसायला जागा आहे तीही त्याच्या पुढ्यातच. शेजारी खिडकी, आणि ती उघडते इमारतीच्या मधल्या डक्टमध्ये. या डक्टमधून सगळ्या मजल्यांवर कोणाच्या कढईत काय पडलं ते कळतं, मग आवाज काय चीज. सरलाताई दिवेलागणीला निरांजन लावायच्या, उदबत्ती लावायच्या, आणि त्याच मुहूर्तावर त्यांच्या पाठीमागं एक घोगरा आणि एक कोवळा आवाज झुलत झुलत ग्रहांची नावं घेऊ लागायचे.

खालच्या मजल्यावरच्या रस्तोगी भाभींनी ते काही संध्याकाळी ऐकलं. मग भाजीवाल्याच्या गाडीपाशी सरलाताईंना गाठून त्यांनी अदबीनं विचारलं, की हे रोज शाम को जे चालतं ते कशाचं आहे. सरलाताईंनी सांगितलं, ग्रहों का है. भाभींनी विचारलं, भाईसाहब किसके लिए कर रहे हैं? सरलाताई म्हणाल्या, अबोली के लिए, उसका आगे एक बड़ा मौका है. भाभींनी विचारलं, आपके महाराष्ट्र का है? सरलाताई म्हणाल्या, नहीं, बाहर का है, पर तरीका हमारे यहाँ का है.

या संपूर्ण संभाषणात एकही शब्द खोटा नव्हता. कोर्टात शपथेवर सांगितलं असतं तरी चाललं असतं.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला रस्तोगी भाभी दारात उभ्या. डोक्यावर पदर, हातात केळ्यांची फणी. भाईसाहेबांची हरकत नसेल तर आपणही जरा बसू का, असं त्यांनी विचारलं. खांबेटे हरखले. या बाईंचा मुलगा तिशीचा, घरात एवढं काम, आणि तरी या वयात परकी भाषा शिकायची हौस. त्यांनी स्वतः सतरंजी झटकून दिली. भाभी डोळे मिटून बसल्या. त्यांचे उच्चार वाईट होते, पण निष्ठा पाहण्यासारखी होती.

मग भाभींबरोबर त्यांची जाऊ आली. जावेबरोबर तिसऱ्या मजल्यावरच्या दोघी. तेलीबागेहून कोणाची तरी आत्या रिक्षा बदलत आली. खांबेट्यांनी फळा आणला, वर "रशियन प्रवेश" असं लिहिलं. त्यांना या वर्गाच्या काही गोष्टी चमत्कारिक वाटायच्या, नाही असं नाही. शब्दाचा अर्थ कोणीच विचारत नसे. फळ्याकडं कोणीच पाहत नसे. तोंड कोणत्या दिशेला करून बसायचं, असं एकीनं विचारलं होतं. एकीनं रजस्वला असताना म्हटलं तर चालेल का, असं सरलाताईंकरवी विचारलं होतं, आणि खांबेट्यांनी त्यावर रशियात स्त्रिया सर्व काळ बोलतात असं उत्तर पाठवलं होतं. शनिवारी वर्गाला गर्दी दुप्पट का होते हेही त्यांना उलगडत नसे. दर वेळी सतरंजीजवळ फळं साठत. या सगळ्याचा खुलासा त्यांनी आपल्यापुरता एका शब्दात करून टाकला होता: तहजीब. लखनौचे लोक गुरूकडे रिकाम्या हातानं जात नाहीत.

एवढ्या काळात त्यांचं एका गोष्टीकडं दुर्लक्ष झालं. अबोली आता सतरंजीच्या टोकाला, चपलांच्या शेजारी बसायची. एक दिवस आशिषनं घरी बसल्या बसल्या एक संत्रं उचललं, त्याच्याभोवती रबरबँड चढवलं आणि म्हणाला, "हा शनी. बोल पटकन." अबोलीनं डोळे मिटले. तिचे ओठ हलू लागले. सोन्चे, मेर्कूरी, विनेरा... बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "सतूर्न." आशिषनं लिंबू उचललं, "चंद्र?" पुन्हा ओठ हलले, पुन्हा सूर्यापासून. आशिष बापाकडं पाहत राहिला. खांबेटे म्हणाले, "पाठ झालंय ना? मग झालं तर." सतराचा पाढा म्हटल्याशिवाय सतरा सक किती ते आपल्यालाही सांगता येत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं, पण त्यांनी ते बाहेर पडू दिलं नाही.

अबोली म्हणाली, "आजोबा, मुझे बीच में से पूछिए ना."

खांबेटे म्हणाले, उद्या. उद्या वर्ग होता. परवाही होता.

सोसायटीचे सेक्रेटरी निगमसाहेब आले ते याच सुमाराला. निगमसाहेब सचिवालयातून निवृत्त झाले होते, आणि फाइल हातात असल्याशिवाय ते जिनासुद्धा उतरत नसत. त्यांनी आधी खांबेट्यांच्या तब्येतीची चौकशी केली, मग सरलाताईंच्या, मग हवेची, आणि मग "बुरा मत मानिएगा" असं म्हणून फाइल उघडली. सोसायटीच्या नियमांप्रमाणे धार्मिक आयोजनाला सगळ्या मजल्यांची ना-हरकत लागते, आणि खांबेटेसाहेबांचं आयोजन तर रोजचं आहे.

"धार्मिक?" खांबेटे म्हणाले.

निगमसाहेबांनी खालचा आवाज आणखी खाली आणून सांगितलं, की पाठाविषयी त्यांच्या मनात श्रद्धाच आहे. रस्तोगींच्या मुलाचं लग्न शनीमुळे अडलं होतं ते या पाठानं जुळलं, हे साऱ्या इमारतीला माहीत आहे. पण नियम तो नियम.

खांबेट्यांना काही क्षण खरोखरच काही कळेना. त्यांनी सतरंजीकडं पाहिलं, केळ्यांकडं पाहिलं, निरांजनाकडं पाहिलं, आणि मग एकेक शनिवार त्यांच्या डोळ्यांपुढून जाऊ लागला. दर ग्रहणाला वर्तमानपत्रात पत्र लिहून "ग्रहणात अन्न खावे, काही होत नाही" असं सांगणारा हा माणूस. त्या पत्रांची कात्रणं कपाटात होती. ते म्हणाले, हे धार्मिक नाही, शैक्षणिक आहे. निगमसाहेबांनी पान उलटलं. शैक्षणिक म्हणजे कोचिंग, कोचिंग म्हणजे व्यवसाय, आणि निवासी फ्लॅटमध्ये व्यवसाय म्हणजे प्रकरण थेट प्राधिकरणाकडं. मग त्यांनी दयेनं तिसरा रकाना दाखवला. सांस्कृतिक. त्याला काही लागत नाही. फक्त वर्षातून एकदा चहा ठेवावा लागतो.

खांबेट्यांनी सही केली नाही. त्यांनी ठरवलं, की एकदाच काय ते स्पष्ट करून टाकायचं. त्या संध्याकाळी ते उभे राहिले आणि शुद्ध हिंदीत छोटंसं भाषण केलं. ही रशियन भाषा आहे. हे मंत्र नाहीत, हे शब्द आहेत. ग्रह हे दगडाचे आणि वायूचे गोळे असून त्यांना कोणाच्या लग्नात रस नाही. भाषण चांगलं झालं. बायकांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

मग रस्तोगी भाभी शांतपणे म्हणाल्या, "तो भाईसाहब, नाम तो ग्रहों का ही है ना?"

खांबेट्यांना हो म्हणावं लागलं.

"बस फिर. संस्कृत में तो सारी दुनिया पुकारती है, लाइन बिज़ी रहती है. रूसी में कौन पुकारता होगा?"

खांबेट्यांनी विद्यापीठं पाहिली होती, परिषदा पाहिल्या होत्या, पण इतका बिनतोड मुद्दा त्यांच्यापुढं कोणी ठेवला नव्हता. ते बसले. बसल्यावर तेलीबागच्या आत्यांनी तोंड उघडलं. त्यांना बरेच दिवस एक विचारायचं होतं. यात राहू-केतू कुठं आहेत? आणि हे उरान, नेप्तून कोण? आपण तर या दोघांचं कधी काही बिघडवलेलं नाही.

वर्ग सुरू झाल्यापासून खांबेट्यांना विचारलेला हा पहिला प्रश्न. शिकवणाऱ्या माणसाला प्रश्नाची तहान असते, आणि पाणी कुठलं आहे हे तहानलेला पाहत नाही. ते उठले. संत्रं आणि लिंबू घेऊन त्यांनी समजावलं, की राहू आणि केतू हे ग्रह नाहीतच, ते चंद्राच्या वाटेवरचे दोन बिंदू, जिथं ती वाट सूर्याच्या वाटेला छेदते, आणि ग्रहण लागतं ते अमावास्येला किंवा पौर्णिमेला चंद्र तिथं आला की. सगळ्या जणी पहिल्यांदाच त्यांच्याकडं टक लावून पाहत होत्या. संत्र्यावर लिंबाची सावली पडली तेव्हा आत्यांनी "अच्छा" म्हटलं, आणि तो अच्छा काळजातून आलेला होता. मग त्यांनी विचारलं, तर यांना रूसीत काय म्हणायचं? खांबेटे म्हणाले, तसे शब्द नाहीत. पण ग्रहणाला शब्द आहे: जत्म्येनिये.

ते खाली बसेपर्यंत शब्द परवच्यात गेला होता. सतूर्न, जत्म्येनिये, जत्म्येनिये. एक राहूचा, एक केतूचा. उरान आणि नेप्तून यांना आत्यांच्या मेहेरबानीनं त्यांच्या मागं उभं राहू दिलं. खांबेट्यांनी मनाशी म्हटलं, ग्रहणसुद्धा खगोलशास्त्रच आहे. माणसाला स्वतःची समजूत पटवायला फारसा पुरावा लागत नाही.

पुढच्या काही दिवसांत ती नवी आवृत्ती डक्टमधून साऱ्या इमारतीत घुमली. सकाळी कोणाच्या तरी आंघोळीतून ती ऐकू यायची. लिफ्टमध्ये कोणीतरी ती पुटपुटत असायचं. मेळावा तोंडावर आला तेव्हा एका संध्याकाळी वर्ग जमायच्या आधी खांबेट्यांनी अबोलीला म्हणून दाखवायला सांगितलं. ती छान चालली होती. युपीतेर, सतूर्न, जत्म्येनिये... ती थांबली. मागं गेली. मार्स, युपीतेर, सतूर्न, जत्म्येनिये. पुन्हा मागं. सतूर्नच्या पुढचा रस्ताच बंद झाला होता. तिनं आजोबांकडं पाहिलं. चिडली असती तर बरं झालं असतं.

"आपने मेरा वाला बदल दिया, आजोबा," ती म्हणाली. "आंटी लोगों के लिए."

मग ती उठली, आणि जाताना जमिनीवरची वर्तमानपत्रं उचलून तिनं खुर्चीवर परत ठेवली.

खांबेट्यांनी त्याच संध्याकाळी वर्ग बंद केला. सतरंजी गुंडाळली, फळा पुसला, दारात उभं राहून सगळ्यांची माफी मागितली. बायकांना वाईट वाटलं, पण अडचण आली नाही. दुसऱ्या दिवसापासून पाठ खाली क्लबरूममध्ये सुरू झाला, "सांस्कृतिक" म्हणून, आणि पहिला चहा खुद्द निगमसाहेबांनी ठेवला. त्यांच्या जावयाची बदली बलियाला झाली होती आणि ती रद्द व्हायला हवी होती. गुरूशिवाय वर्ग उत्तम चालू लागला. खांबेट्यांना सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. तसं काही वाटेना. आपल्याला कोणाचा राग आलाय, हेच त्यांना ठरवता येत नव्हतं. भाभींचा म्हणावा तर त्यांनी केळी आणली होती. आत्यांचा म्हणावा तर त्यांनी प्रश्न विचारला होता.

अबोलीला त्यांनी एकदा दाराबाहेरूनच विचारलं, मधून मधून विचारू का? आतून उत्तर आलं, "हो गया याद. रहने दीजिए."

मेळाव्याच्या दिवशी सरलाताई आणि ते शाळेच्या सभागृहात मधल्या रांगेत बसले. आशिष आणि कौमुदी फोन उगारून पुढं. मागं वळून पाहिलं तर शेवटच्या दोन रांगांत रस्तोगी भाभी, जाऊबाई, तिसरा मजला, तेलीबागच्या आत्या आणि फाइलसकट निगमसाहेब. बच्चीचा पहिलाच मौका, न येऊन कसं चालेल.

पाहुण्या गालीना पेत्रोव्ना उंच होत्या, पांढऱ्या केसांच्या, आणि चेहरा एखाद्या मायाळू पोस्टमास्तरणीसारखा. शेजारी दुभाषा म्हणून विद्यापीठातला एक तरुण प्राध्यापक. वर दोऱ्यांना सूर्यमाला टांगलेली. अबोली माइकपाशी उभी राहिली. इस्त्रीच्या गणवेशात ती एकदम लहान दिसत होती.

बाईंनी हसून शनीकडं बोट दाखवलं. अबोलीचे ओठ हलू लागले. माइक चालू होता, त्यामुळे सगळ्या सभागृहाला सूर्यापासूनची पुटपुट ऐकू आली. "सतूर्न," ती शेवटी म्हणाली. टाळ्या. बाईंनी चंद्राकडं बोट केलं. पुन्हा सूर्यापासून. आता पुढच्या रांगेतली मुलं खुसखुसली. बाईंनी शनीच्या पलीकडच्या निळसर गोलाकडं बोट केलं. अबोली निघाली, मंगळ ओलांडला, गुरू ओलांडला, शनीपाशी आली आणि थांबली. मागं गेली. पुन्हा आली. पुन्हा थांबली. मुख्याध्यापिकांनी घड्याळ पाहिलं. खांबेट्यांना शब्द माहीत होता, तोंडात होता, पण ओरडायला तोंड उघडेना. आजवर कुठल्याच सभेत ते मधून बोलले नव्हते.

मागच्या रांगेतून मात्र आवाज आला. रस्तोगी भाभी उभ्या राहिल्या होत्या, डोक्यावर पदर, हात जोडलेले, डोळे मिटलेले. बच्ची पाठ विसरली, तर पाठ उचलून धरायचा असतो, यात त्यांना विचार करण्यासारखं काही वाटलं नसावं. "सोन्चे, मेर्कूरी, विनेरा, झिम्ल्या..." जाऊबाई उठल्या. तिसरा मजला उठला. आत्या उठल्या. निगमसाहेबांनी फाइल खुर्चीवर ठेवली आणि जाडा आवाज लावला. सगळे जण झुलत होते. गालीना पेत्रोव्नांचं बोट हवेतच राहिलं.

"...युपीतेर, सतूर्न, जत्म्येनिये, जत्म्ये..."

"नहीं, आंटी!" अबोली माइकमध्ये म्हणाली. सगळं गप्प झालं. "जत्म्येनिये नहीं है यहाँ. उरान है. ये वाला उरान, वो वाला नेप्तून." तिनं गोलांकडं बोट दाखवलं. दाखवता दाखवता हात मागं आला. "ये मार्स. वो लुना. वो सोन्चे, चमचे वाला च, आंटी, आप लोग हमेशा ग़लत बोलते हो."

बोट फिरत होतं तसे शब्द येत होते, खालचे वर, मधले आधी, आणि ओठ एकदाही पुटपुटले नाहीत. तिच्या स्वतःच्या लक्षात आलं ते शेवटी. ती क्षणभर आपल्या बोटाकडंच पाहत राहिली.

टाळ्या संपल्यावर पाहुण्या दुभाष्याशी काही बोलल्या. दुभाषा गोंधळून म्हणाला, की बाई विचारतायत, या भगिनी हात जोडून का म्हणत होत्या, आणि शनीनंतर दोन ग्रहणं का. सभागृहातल्या सगळ्या माना एकदम खांबेट्यांकडं वळल्या. ते उठले. आता मात्र बोलायलाच हवं होतं, आणि बोलायचं तर रशियनमध्येच. त्यांनी घसा साफ केला. डोक्यात होतं नव्हतं ते सगळं चाचपलं, आणि तोंडातून स्वच्छ, निर्दोष उच्चारांत बाहेर पडलं, "प्री नग्रिवानिइ विपादायेत असादक."

दुभाष्यानं हे हिंदीत सांगायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. गालीना पेत्रोव्नांनी एकदा खांबेट्यांकडं पाहिलं, एकदा मागच्या रांगांकडं, आणि मग त्या खुर्चीचा हात धरून इतक्या हसल्या, की त्यांना पाणी द्यावं लागलं. नंतर त्यांनी दुभाष्याकरवी निरोप दिला, की हे अगदी खरं आहे, सगळीकडं असंच होतं.

गाडीत परत येताना आपला सत्कार झाला की फजिती, हे खांबेट्यांना घर येईपर्यंत ठरवता आलं नाही. सरलाताईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "दोन्ही. तुम्ही तिच्या पाठीमागं उभे होतात ना, झालं." ते खरं तर मधल्या रांगेत होते, पण त्यांनी दुरुस्ती सुचवली नाही.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला ते वर्तमानपत्र वाचत बसले होते. निरांजन लागलं. शेजारच्या खुर्चीवरची रद्दी कोणीतरी उचलून जमिनीवर ठेवल्याचा आवाज आला. त्यांनी मान वर केली नाही.

"आजोबा," अबोली म्हणाली, "मला मधूनच विचारा."

खांबेट्यांनी हे ऐकलं. कुठल्या भाषेत ऐकलं तेही त्यांच्या लक्षात आलं. पण खिडकीत येऊन बसलेल्या पाखरापुढं जसं नुसतं बसून राहायचं असतं, तसं त्यांनी केलं. कौतुकाचा एक शब्द काढला असता तर ते उडून गेलं असतं. ते वर्तमानपत्रामागूनच म्हणाले, "तारा?"

"ज्विज्दा."

"पृथ्वी?"

"झिम्ल्या. सोपं विचारू नका."

"बरं. शनीच्या पुढचा?"

अबोलीनं तोंड उघडलं. तेवढ्यात डक्टमधून क्लबरूमचा आवाज वर आला. आज पटसंख्या वाढलेली दिसत होती, निगमसाहेबांचा आवाज त्यात ओळखू येत होता. "...सतूर्न, जत्म्येनिये, जत्म्येनिये..."

दोघं ग्रहण सुटेपर्यंत थांबली. मग अबोली म्हणाली, "उरान."